पट्टा उजवीकडे जातोय

अण्णांना दोन मुली आणि दोन जावई. थोरला जावई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा, धाकटा लोकांचे कान तपासून त्यांना ऐकायची यंत्रं बसवून द्यायचा. दोघांच्या वयात बरंच अंतर होतं, आणि धाकट्याच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तोवर त्या घरात जावई म्हटलं की एकच माणूस होता आणि काहीही बिघडलं की हाकही त्यालाच जायची. नळ गळू लागला, पंखा कुरकुरू लागला, कडी अडकली, की अण्णा फोन करायचे आणि म्हणायचे, सवड असेल तेव्हा या, घाई अजिबात नाही. थोरला त्याच संध्याकाळी हजर व्हायचा.

या सगळ्या कामांत मानाचं काम ट्रेडमिलचं. अण्णांनी उभा जन्म बस चालवली होती, म्हणजे बसूनच काढला होता. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं की रोज चाललंच पाहिजे. घराबाहेरचा रस्ता चढाचा, फुटपाथ उखडलेला, म्हणून मुलींनी ट्रेडमिल घेतली आणि मागच्या खोलीत खिडकीशी मांडली. दुसऱ्याच वर्षी ती बंद पडली. कंपनीचा माणूस आला, पुढचं झाकण काढलं, आत डोकावला, मोटर गेली म्हणाला, आणि यापेक्षा नवीन घ्या असा सल्ला देऊन चहा पिऊन गेला.

थोरल्याला ते पटलं नाही. त्याने मोटर बाहेर काढून उघडली, तर आतले कार्बनचे ब्रश झिजून पार चिमूटभर राखेसारखे झालेले. कवळी गुळगुळीत करायला वापरतो त्याच बारीक पॉलिश कागदाने त्याने आतली तांब्याची कडी घासून लखलखीत केली, नवे ब्रश बसवले, आणि मशीन पहिल्याच बटणाला सुरू झाली. अण्णांनी ही हकीकत इमारतीत कोणाला सांगायची ठेवली नाही. तपासणीला गेले तर हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगून आले की कंपनीने हात टेकले, आमच्या जावयाने चालू केली.

तेव्हापासून अधूनमधून एखाद्या रविवारी थोरला सिलिकॉन तेलाची बाटली घेऊन जायचा. पट्टा एका बाजूने उचलून खाली लांब नळीने तेलाची रेघ सोडायची, मोटरवरची धूळ ओढून काढायची, पट्टा मधोमध चालतोय का ते बघायचं. अण्णा शेजारी टॉर्च धरून उभे राहायचे आणि बोलत राहायचे. थोरल्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. आपण वाकून काही करतोय आणि मागे कोणीतरी वडीलधारं माणूस उजेड धरून उभं आहे, हे सुख त्याला या घरात आल्यावर मिळालं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मागच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण त्याच्या हत्यारांचा होता, आणि घराची एक किल्ली त्याच्या खिशात असायची.

अशाच एका रविवारी तो किल्लीने दार उघडून आत गेला, तर मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. ट्रेडमिलचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं होतं. धाकटा जमिनीवर मांडी घालून बसला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याने मशीनच्या पुढच्या रोलरपाशी टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले होते. त्याच्यावर अण्णांनी टॉर्च धरला होता.

अण्णांनी मान वर केली, हसले, पण टॉर्च हलवला नाही. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "हे म्हणतात, आवाज पट्ट्याचा नाही, बेअरिंगचा आहे."

मशीन काही आठवडे गुरगुरत होती. पट्टा कोरडा पडलाय असं थोरल्याने सांगितलं होतं आणि दोनदा तेलही सोडलं होतं. आताही हातात बाटली होतीच. धाकटा लगेच बाजूला सरकला आणि म्हणाला, दादा, तुम्ही बघा ना. तो मनापासून म्हणत होता हेच जास्त लागलं. थोरल्याने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. आतून कोणी खडे चावावेत तसा आवाज स्पष्ट येत होता. दोन्ही असू शकतं, असं म्हणून त्याने स्क्रू-ड्रायव्हर परत दिला.

चहाच्या वेळी अण्णा रंगात आले होते. एका जावयाने दात दिले, दुसरा कान देतोय, ते म्हणाले, तिसरी मुलगी असती तर डोळ्यांचीही सोय झाली असती. सगळे हसले. थोरलाही हसला. त्या विनोदाचा पहिला अर्धा भाग इतकी वर्षं त्याच्या एकट्याचा होता.

धाकट्याने रोलर काढून नेला, एका कारखान्यातून त्यात नवं बेअरिंग दाबून आणलं आणि आठवड्याच्या मध्येच परत बसवला. त्या दिवशी दुपारी थोरला लॅबमध्ये मेणात दात रोवत होता तेव्हा अण्णांचा फोन आला. त्यांना काही सांगायचं नव्हतं, ऐकवायचं होतं. त्यांनी मशीन सुरू केली आणि फोन तिच्यापाशी धरला.

"ऐकताय ना? काही ऐकू येतंय?"

नाही, थोरला म्हणाला.

"तेच तर," अण्णा खुशीत म्हणाले आणि फोन आणखी थोडा वेळ तसाच धरून ठेवला. थोरल्याला ती शांतता पूर्ण ऐकून घ्यावी लागली.

त्यानंतर त्याला त्या घरात सगळंच खुपू लागलं. खण उघडला तर आतली हत्यारं आकाराप्रमाणे लावून ठेवलेली, आणि बोल्ट फिरवायची त्याची ती थोडी वाकलेली ॲलन की, जी फक्त त्यालाच वापरता यायची, ती नाहीशी झालेली. तिच्या जागी नवी, सरळ, चकचकीत. अण्णांच्या बसच्या गोष्टी त्याने इतक्या वेळा ऐकल्या होत्या की कुठल्या वळणावर ब्रेक लागणार हे त्याला आधी कळायचं. आता त्याच गोष्टी अण्णा नव्या कानांना सांगत होते, नव्याने रंगवून सांगत होते, आणि धाकटा हसायच्या जागी बरोबर हसत होता. थोरला समोर बसून कपातला चहा ढवळत राहायचा, त्यात साखर नसली तरी.

घरी आल्यावर तो एकेक खोट काढायचा. नवशिका आहे, नशिबाने जमलं. गोडबोल्या आहे. बेअरिंग बदलायला काय लागतं, ते तर कारखान्यातल्या माणसाने बदललं. थोरली पोळपाट धुता धुता ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, सवत आल्यासारखं काय करताय?"

साडूच्या मत्सराला आपल्याकडे वेगळा शब्द नाही, म्हणून तिने सवतीचा घेतला. पण तो शब्द इतका नेमका बसला की थोरला रात्रीचं जेवण अर्धवट टाकून उठला.

अण्णा दुपारी जुन्या ड्रायव्हर मित्रांच्या अड्ड्यावर जायचे. एका दुपारी थोरला लॅबमधून निघाला तो सरळ त्यांच्या रिकाम्या घरी गेला. काम कसं झालंय ते नीट बघू, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं. त्याने मशीन सुरू केली. पट्टा मधोमध, दोन्ही कडांना सारखी जागा सोडून, आखल्यासारखा चालत होता. आवाज नाही, थरथर नाही. एखादी चूक सापडली असती तर तो खुशीत परत गेला असता. चूक सापडेना तशी त्याची चिडचिड वाढली.

ट्रेडमिलच्या मागच्या टोकाला, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक बोल्ट असतो. त्यांनी मागचा रोलर ताणलेला असतो. एक बाजू जास्त आवळली की पट्टा हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकू लागतो. थोरल्याने ती नवी चकचकीत ॲलन की घेतली आणि डावीकडचा बोल्ट थोडा आवळला. काम किती पक्कं आहे ते बघायला, असं तो मनात म्हणाला. मग की जागेवर ठेवली, दार लावलं, आणि लॅबमध्ये जाऊन संध्याकाळपर्यंत कोणाचे तरी सुळे फार मन लावून घासले.

त्याला फोनची खात्री होती. पट्टा उजवीकडे जातोय, जरा येऊन बघता का, असा फोन. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीकडून कळलं की फोन धाकट्याला गेला होता. ज्याने काम केलं त्यालाच विचारलेलं बरं, असं अण्णा म्हणाले होते. धाकटा दवाखाना लवकर बंद करून धावत गेला, पट्टा सरळ केला, चहा झाला, गप्पा झाल्या, आणि अण्णांनी त्याला जेवूनच जा म्हणून ठेवून घेतलं.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शहाण्या माणसाने तिथेच सोडून दिलं असतं. थोरल्याने काही दिवसांनी पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा तेच झालं. फोन तिकडे, चहा तिकडे, जेवण तिकडे. आपल्याच हाताने आपण त्या माणसाला या घराची वाट रुंद करून देतोय हे त्याला कळत होतं. कळून राग उलट वाढत होता. धाकट्याने अण्णांना समजावलं होतं की बेअरिंग नवं आहे, सगळं बसायला थोडे दिवस लागतात. म्हणजे मशीन बिघडली तरी त्याचा शब्द खराच ठरत होता.

तिसऱ्या वेळी थोरला रागाच्या भरातच गेला. गुडघे टेकून त्याने डावा बोल्ट आवळला, पूर्वीपेक्षा बराच जास्त. की काढून घेताना त्याला बोल्टच्या डोक्यावर लाल रंगाची बारीक रेघ दिसली. तीच रेघ शेजारच्या प्लॅस्टिकवर पुढे जात होती, पण आता दोन तुकडे एकमेकांसमोर नव्हते. नखांना लावायचं पॉलिश होतं ते. तो रंग त्याने धाकटीच्या बोटांवर पाहिला होता. बोल्ट जरा जरी फिरला तरी कळावं म्हणून धाकट्याने खूण करून ठेवली होती.

म्हणजे धाकट्याला कळलं होतं. कोणीतरी हात लावतंय हे कळूनही तो अण्णांना बेअरिंगच्या गोष्टी सांगत बसला होता. आपल्याला सांभाळून घेतलं जातंय, तेही या पोराकडून, हे थोरल्याला झोंबलं. त्यापेक्षा त्याने चारचौघांत ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात जिन्यात अण्णांचा आवाज आला. ते शेजारच्या बाईंशी बोलत चढत होते. थोरल्याने घाईने बोल्ट उलटा फिरवला. रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आले तसा तो थांबला, की खणात टाकली आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिला. मोजपट्टी राहिली होती ती न्यायला आलो, असं त्याने अण्णांना सांगितलं. अण्णांनी त्याला चहा केला. खूप दिवसांनी दोघंच समोरासमोर बसले होते, आणि थोरल्याच्या कपातला चहा तसाच निवून गेला.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे मशीनवर चढले. मशीनला एक दोरी असते, तिचा चिमटा कपड्याला लावायचा, म्हणजे माणूस मागे गेला की मशीन आपोआप बंद होते. अण्णांनी तो चिमटा कधीच लावला नव्हता. चाळीस प्रवाशांना घेऊन घाट उतरलोय, ते म्हणायचे, मला कसली दोरी. चालता चालता पट्टा सरकत गेला, त्याची कड बाजूच्या पट्टीत घुसून मुडपली आणि मशीनने झटका दिला. अण्णा तोंडावरच पडले. गुडघा सुजला, तळहात सोलवटले, आणि कवळी तोंडातून उडून भिंतीवर आपटली.

शेजारच्या बाईंनी फोन केले. थोरला पोहोचला तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हाड मोडलं नव्हतं, पण बरेच दिवस पाय हलवायचा नाही असं सांगितलं होतं. दोघी मुली अण्णांच्या उशाशी होत्या. धाकटा मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसून डाव्या बोल्टकडे बघत होता. रेघ जुळलेली होती. मग तो उठून पलंगापाशी आला आणि अण्णांना म्हणाला, चूक माझी आहे, माझ्याकडून कमी-जास्त आवळलं गेलं असणार.

अण्णांना दुखत होतं, आणि तोंडात दात नसल्याने बोलणंही नीट फुटत नव्हतं. पण जे बोलले ते सगळ्यांना कळलं.

"नुसत्या कानाने मशीन दुरुस्त होत नसते," ते म्हणाले. मग थोरल्याकडे वळले. "यापुढे तुम्हीच बघत जा."

धाकट्याचा चेहरा उतरला. थोरल्याला इतके महिने जे हवं होतं ते अखेर मिळालं होतं, सगळ्यांसमोर, अण्णांच्या तोंडून. त्याने दोन तुकडे झालेली कवळी रुमालात गुंडाळली आणि काहीतरी पुटपुटून तो तिथून जवळजवळ पळालाच. रस्त्यात एक क्षण बरंसुद्धा वाटलं. अगदी खरं सांगायचं तर एका क्षणापेक्षा जास्त वेळ वाटलं. लॅबच्या पायऱ्या चढेपर्यंत ते टिकलं. मग टेबलाशी बसून त्याने कवळीचे तुकडे जुळवले आणि खालच्या बाजूला अण्णांच्या ओठाचं वाळलेलं रक्त दिसलं.

रेघ तर जुळली होती, मग झालं कसं, हे कोडं त्याला काम करता करता सुटलं. तो बोल्ट दीड फेरा आवळला होता. उलटा फिरवताना अर्धाच फेरा परत आला. रेघ जुळली, पण एक अख्खा फेरा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा कवळी न्यायला लॅबमध्ये आला. थोरला चाकावर तिला शेवटची चकाकी देत होता. धाकटा शेजारच्या स्टुलावर बसला, ओळीने मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत राहिला, आणि चाक थांबल्यावर म्हणाला, "दादा, मला तुमची माफी मागायची आहे."

थोरल्याने कवळी फडक्यात घेतली.

धाकटा म्हणाला की पहिल्यांदा पट्टा सरकला तेव्हा त्याला काही वाटलं नाही. मग त्याने खूण करून ठेवली, आणि पुढच्या वेळी ती तुटलेली दिसली. अण्णा बोल्टला हात लावत नाहीत. घराची किल्ली फक्त तुमच्याकडे आहे. तेव्हा माझ्या मनात नको ते आलं, तो म्हणाला, मी बायकोलाही बोललो नाही, पण मनात आलं. आणि काल बघितलं तर रेघ जुळलेली. म्हणजे चूक माझीच होती आणि मी तुमच्यावर संशय घेत होतो.

थोरला कवळी फडक्याने पुसत राहिला.

"खरं सांगू?" धाकटा जरासा हसला. "मला तुमचा थोडा हेवा वाटायचा. मी तिथे बसलो की अण्णा टॉर्च धरतात आणि तुमच्याबद्दलच बोलतात. त्या कार्बन ब्रशची गोष्ट मला पाठ झालीय. मी इतक्या वेळा गेलो, पण मला घंटी वाजवून बाहेर उभं राहावं लागतं. तुम्ही सरळ आत येता. मला वाटलं असेल, तुम्हीच काहीतरी केलेलं निघावं."

लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. थोरल्याला गप्प बसता आलं असतं, आणि आयुष्यभर कोणाला काही कळलं नसतं. त्याने कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं.

"पूर्ण एक फेरा फिरवला," तो म्हणाला, "तरी रेघ जुळते."

धाकट्याला आधी कळलंच नाही. हुशारीची सूचना ऐकावी तशी त्याने मान हलवली. मग हलवता हलवता थांबला. त्याने थोरल्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू निघून गेलं. डबी उचलून तो उठला. दारापर्यंत गेला, मग परत येऊन डबी टेबलावर ठेवली.

"ही तुम्हीच घेऊन जा," तो म्हणाला. "आणि तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

थोरला त्याच संध्याकाळी गेला. अण्णा एकटेच होते, पाय उशीवर ठेवून पडलेले. त्याने कवळी बसवून दिली. अण्णांनी दात दोन-चार वेळा दाबून बघितले, बरोबर बसलेत म्हणून मान डोलावली. मग थोरल्याने सांगितलं. तीनही वेळचं सांगितलं, काही वगळलं नाही. अण्णा छताकडे बघत ऐकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, का.

"तुम्ही मला फोन करावा म्हणून," थोरला म्हणाला.

आता हे बोलल्यावर ते किती पोरकट आहे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. अण्णा हसले असते तर त्याने तेही घेतलं असतं. ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत.

"तुमचं भांडण त्यांच्याशी," अण्णा म्हणाले. "पडलो मी."

मग त्यांनी सोलवटलेला तळहात पुढे केला. थोरल्याला आधी वाटलं, आधार हवाय. अण्णांनी हात तसाच ठेवला, तेव्हा त्याला कळलं. त्याने खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. अण्णांनी ती उशीखाली सारली, आणि त्याच्यासमोरच धाकट्याला फोन लावला. काल बोललो ते बोलायला नको होतं, तुमची काही चूक नव्हती, ते म्हणाले. धाकटा तिकडून काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण अण्णा बराच वेळ ऐकत होते, आणि अधूनमधून हं, हं करत होते, आणि पलंगाशेजारी उभा असलेला थोरला ते हुंकार मोजत होता. इतकं झाल्यावरही मत्सर गेला नव्हता. आता त्याला वाटत होतं, माझ्याशी बोलताना ते असं हं म्हणतात का.

थोरलीने ऐकल्यावर काही दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बापाचा गुडघा होता, तिचा राग रास्त होता. धाकटीने तर त्याला तोंडावर सांगितलं की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्याने दोघींचं ऐकून घेतलं.

पट्टा कडेने फाटला होता, नवा घालणं भाग होतं. हे काम एका माणसाचं नाही. दोन्ही रोलर काढायचे, पट्ट्याखालचा लाकडी पाटा उचलायचा, एकाने पट्टा ओढून धरायचा आणि दुसऱ्याने रोलर आत सरकवायचे. अण्णांनी दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं. थोरला घंटी वाजवून दाराबाहेर थांबला. धाकट्याने दार उघडलं, या म्हणाला, आणि आत गेला.

सुरुवातीला दोघं हत्यारांपुरतंच बोलत होते. हे धरा. तो द्या. पुढचा रोलर बसेना. थोरला म्हणत होता पाटा मागे घ्या, धाकटा म्हणत होता आधी बोल्ट सैल करा, आणि दोघंही थोडे बरोबर होते. अण्णा खुर्चीत पाय लांब करून बघत होते. त्यांनी कोणाचीही बाजू घेतली नाही. पट्टा ओढताना थोरल्याचं बोट रोलरखाली सापडलं, तसा धाकट्याने मशीनचं अख्खं वजन खांद्यावर घेतलं आणि ते निघेपर्यंत हललाही नाही. त्या क्षणी दोघांची तोंडं इतकी जवळ आली होती की काहीतरी बोलणं भागच होतं.

"लागलं का?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"लागायला हवं होतं खरं तर," धाकटा म्हणाला, आणि थोरल्याला ते फार बरं वाटलं. लॅबमधल्या त्या दुपारनंतर प्रथमच धाकटा त्याच्याशी खरं बोलला होता.

अण्णांचा पाय हळूहळू सुधारला. ते पुन्हा चालू लागले, आता दोरीचा चिमटा लावून. थोरल्याला किल्ली परत मिळाली नाही, आणि त्याने मागितलीही नाही. फोन कधी याला येतो, कधी त्याला. धाकट्याला आलेला फोन कळला की थोरल्याचा आजही एक घास घशात अडकतो. तो पाणी पितो आणि खाली उतरवतो.

ट्रेडमिलची बातमी इमारतीत पसरली तशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपली व्यायामाची सायकल बघायला दोघांनाही बोलावलं. पेडल मारलं की खट् असा आवाज यायचा. धाकट्याने कान लावून सांगितलं की उजवीकडून येतोय. थोरल्याने पेडलचा दांडा हलवून बघितला, आतला नट ढिला होता, तो काढून, आटे साफ करून त्याने घट्ट बसवला. सगळा घाम त्यानेच गाळला. बाईंनी सायकल चालवून बघितली, खूश झाल्या, आणि धाकट्याला म्हणाल्या, काय कान आहे हो तुमचा, नुसतं ऐकून बरी केलीत.

दोघं निघाले. जिन्याच्या मधल्या वळणावर थोरला थांबला.

"आत्ता माझा भयंकर जळफळाट झाला," तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

"कळलं मला," धाकटा म्हणाला. "पाना किती वेळ पुसत होतात तुम्ही. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर."

"तू काही बोलला नाहीस त्यांना."

"बोलणार होतो. पण कौतुक चाललं होतं माझं, मध्येच कशाला तोडायचं म्हटलं."

थोरल्याने त्याच्याकडे रागाने बघितलं. तो पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करून बोलला होता हे दोघांच्याही लक्षात आलं होतं, आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. मग ते उरलेल्या पायऱ्या उतरू लागले. हत्यारांची पिशवी जड होती, तिचा एक बंद एकाच्या हातात होता आणि दुसरा दुसऱ्याच्या, आणि ती दोघांच्या मध्ये भिंतीला घासत, खडखडत खाली चालली होती.